करार लिस्बनशी, आठवणी कोर्लईच्या

तालुक्याच्या ठिकाणच्या कॉलेजला परदेशी विद्यापीठाबरोबर इतिहासाचं काम करायचं असेल तर पहिला कागद कोणता करायचा, हे जानेवारी २०२२ मध्ये मला कुणीच सांगू शकलं नव्हतं. मुंबई-पुण्याच्या मोठ्या संस्थांत अशा कामासाठी वेगळा विभाग असतो. आमच्या ऑफिसात शिष्यवृत्ती, परीक्षा आणि पगारबिलं सांभाळणारी तीन माणसं. आता आमचं काम एका टप्प्यापर्यंत पोचलंय, म्हणून घडलं त्याच क्रमाने लिहिते. रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्याकडून विचारणा येते आहे. त्यांना याचा उपयोग व्हावा.

मी रायगड जिल्ह्यात इतिहास शिकवते. रेवदंडा आमच्यापासून जवळ. १५२१ मध्ये निजामशाहीच्या परवानगीने पोर्तुगिजांनी तिथे किल्ला बांधायला घेतला. १५७०-७१ मध्ये त्याच निजामशाहीने त्या ठाण्याला महिनोन्‌महिने वेढा घातला. १५९४ मध्ये कुंडलिकेच्या मुखावरचा कोर्लईचा डोंगरी किल्ला पोर्तुगिजांनी घेतला, आणि वसई पडल्यानंतर, १७४० मध्ये, ही दोन्ही ठाणी मराठ्यांकडे आली. पोर्तुगीज गेले, पण किल्ल्याच्या पायथ्याच्या कोर्लई गावात त्यांच्या भाषेतून तयार झालेली एक बोली राहिली. आज साधारण हजारभर माणसं ती बोलतात. घरात ती बोली, बाजारात आणि शाळेत मराठी.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांची छपरं उडाली. ट्रंकांतले फोटो, लग्नाचे दाखले, जुन्या वह्या भिजून लगदा झाल्या. आमचे विद्यार्थी मदतीला गेले होते, तेव्हा ते कागद अंगणात वाळत घातलेले मी पाहिले. जी माणसं तोंडी सांगू शकतात त्यांचं वय ऐंशीच्या घरात आहे, हेही तेव्हा लक्षात आलं. या गावांबद्दलचे निम्मे कागद लिस्बनमध्ये आणि बोलणारी माणसं इथे. दोन्ही टोकं जुळवायची तर तिथल्या विद्यापीठाशी बोलायलाच हवं होतं.

पहिला मेल आणि पहिली हरकत

लिस्बनच्या एका विद्यापीठातल्या इतिहास विभागाला जानेवारी २०२२ मध्ये मेल पाठवला. आम्ही कोण, आमच्याकडे काय आहे आणि आम्हाला काय हवंय, एवढंच त्यात होतं. 'आमच्याकडे काय आहे' हा भाग सविस्तर लिहा. मोडी वाचणारे दोन शिक्षक, गावाशी वर्षानुवर्षांची ओळख आणि बोली येणारे तीन विद्यार्थी हे आमचं भांडवल होतं, आणि उत्तर आलं ते त्यामुळेच. महिनाभराने आलं. पहिली ऑनलाइन भेट मार्चमध्ये झाली. हिवाळ्यात लिस्बन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेचार. आपली दुपार ही त्यांची सकाळ, तीच वेळ धरावी. ऑगस्टमध्ये तिकडे कुणी जागेवर नसतं. आपल्याकडे मे महिना आणि दिवाळी. वर्षातले तीन महिने हिशेबातून आधीच वजा करून ठेवा, म्हणजे उत्तर आलं नाही म्हणून जीव कासावीस होत नाही.

जूनमध्ये कराराचा विषय, दोन्हीकडच्या सामायिक आठवणींचा, महाविद्यालय विकास समितीपुढे ठेवायचा होता. त्याआधी स्टाफरूममध्ये एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला थांबवलं. म्हणाले, "मॅडम, ज्यांनी देवळं पाडली, माणसं बाटवली, त्यांच्याबरोबर आपली सामायिक आठवण कसली?"

हा प्रश्न मला रास्त वाटला, आजही वाटतो. १५६० मध्ये गोव्यात सुरू झालेल्या इन्क्विझिशनचा अंमल उत्तरेकडच्या पोर्तुगीज मुलखावरही होता. गुलामांचा व्यापार या बंदरांतून झाला. 'संस्कृतींचा संगम' असं म्हणून हे सगळं झाकणारे कार्यक्रम मी पाहिले आहेत, आणि तसला कार्यक्रम मला करायचा नव्हता. म्हणून कराराच्या विषयपत्रिकेत आम्ही चौलचा (म्हणजे रेवदंड्याच्या ठाण्याचा) वेढा, धर्मांतराची सक्ती, गुलामगिरी आणि मराठ्यांची उत्तर कोकणातली मोहीम ही चारही नावं स्वच्छ लिहिली. लिस्बनची मंडळी यावर अडून बसतील असं आम्हाला वाटलं होतं. त्यांनी एका ओळीत होकार कळवला आणि तिथले दोघे संशोधक गुलामगिरीवरच काम करतात, असंही सांगितलं. त्या सहकाऱ्यांनी नंतर आमच्या मोडी गटाची जबाबदारी घेतली.

सही कोणाची?

समितीचा ठराव झाला आणि खरी अडचण पुढे आली. करारावर सही कोणी करायची? कॉलेज चालवते ती शिक्षण संस्था सार्वजनिक न्यास. कायद्याने करार करणारी तीच, कॉलेज नाही. लिस्बनच्या कायदा विभागाने नोंदणीचा दाखला आणि सही करणाऱ्याच्या अधिकाराचा पुरावा मागितला. संस्थेची निवडणूक होऊन अध्यक्ष बदलले होते, पण धर्मादाय कार्यालयातला बदल अर्ज, ज्याला सगळे 'चेंज रिपोर्ट' म्हणतात, तो प्रलंबित होता. त्यामुळे परिशिष्ट एकवर, म्हणजे न्यासाच्या सरकारी नोंदीच्या उताऱ्यावर, जुन्याच विश्वस्तांची नावं होती.

जवळजवळ सगळा पावसाळा आणि पुढचा हिवाळा यात गेला. संस्थेच्या वकिलांकडे चकरा, तारीख, पुढची तारीख. या काळात लिस्बनला काय कळवायचं याची मला लाज वाटायची. शेवटी परिस्थिती आहे तशी लिहून पाठवली आणि अर्जाची पोचपावती जोडली. त्यांना ते समजलं, कारण त्यांच्याकडेही कुलगुरूंच्या सहीसाठी कागद महिने घेतोच. फेब्रुवारी २०२३ मध्ये बदल मंजूर झाला.

तुमच्या संस्थेचं परिशिष्ट एक आजच काढून बघा. अद्ययावत नसेल तर बाकीचं काम सुरू ठेवा, पण हा अर्ज पहिल्यांदा मार्गी लावा. नोंदणीचा दाखला मराठीत असतो. त्याचं इंग्रजी भाषांतर नोटरीकडून साक्षांकित करून घ्यावं लागतं. भाषांतर, नोटरी आणि कुरियर मिळून आमचा खर्च पाच हजारांच्या आत राहिला. आम्ही करार १०० रुपयांच्या मुद्रांकावर केला. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात किमान मुद्रांक ५०० रुपयांचा झालाय, तेव्हा नव्याने करणाऱ्यांनी तो धरावा.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांची भीती आम्हाला बऱ्याच जणांनी घातली. ते नियम संयुक्त पदवी, दुहेरी पदवी आणि ट्विनिंग (पदवीचा काही भाग परदेशी विद्यापीठात शिकण्याची सोय) यांसाठी आहेत. आम्ही पदवी देत नव्हतो. ठरावातच 'या करारान्वये कोणतीही पदवी अथवा क्रेडिट देण्यात येणार नाही' असं वाक्य घातलं आणि संलग्न विद्यापीठाला तशी माहिती कळवली. त्या एका वाक्याने बरीच पत्रापत्री वाचली.

पैसा आणायचाच नाही

लिस्बनकडे मुलाखतींसाठी थोडा निधी होता. तो आपल्या खात्यात घेणं मात्र सोपं नाही. परकी वर्गणी घेण्यासाठी संस्थेची एफसीआरए, म्हणजे परकी वर्गणी नियमन कायद्याखालची, नोंदणी लागते. त्यासाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत तिने आपल्या उद्दिष्टांवर १५ लाख रुपये खर्च केलेले हवेत. २०२० च्या दुरुस्तीनंतर ही रक्कम फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच स्वीकारता येते. नोंदणी नसेल तर विशिष्ट कामासाठी पूर्वपरवानगी मागता येते. आमचे लेखापरीक्षक वयस्कर आणि सावध गृहस्थ. ते म्हणाले, "एवढ्याशा रकमेसाठी संस्थेच्या मागे हे लावून घेऊ नका."

मग आम्ही पैसा आणायचाच नाही असं ठरवलं. ज्याचा खर्च त्याने आपल्या देशात करायचा, हे करारातलं कलमच झालं. रेकॉर्डर आमच्या ग्रंथालय निधीतून घेतला. कोर्लईला जाण्यायेण्याचा खर्च विभागाच्या क्षेत्रभेटीच्या तरतुदीतून केला. माणसांच्या देवाणघेवाणीसाठी युरोपीय संघाच्या इरॅस्मस प्लस योजनेत अर्ज करायचा ठरला. त्यात अर्ज युरोपातलं विद्यापीठ करतं, पैसाही तेच सांभाळतं, आणि जाणाऱ्याला प्रवासखर्च व दैनिक भत्ता वैयक्तिक मिळतो. आपल्या कॉलेजला फक्त युरोपीय संघाच्या पोर्टलवर नोंदणी करून संस्थेचा क्रमांक घ्यावा लागतो. क्रमांक लगेच मिळतो. अर्जाची मुदत साधारण फेब्रुवारीत असते, म्हणून मसुदे त्याआधीच्या दिवाळीपर्यंत पुरे झालेले बरे.

एक कलम, सहा महिने

२०२३ मधले सहा महिने एका कलमावर गेले, आणि पुन्हा वेळ आली तर मी त्यावर तेवढाच वेळ घालवेन. मुलाखतींच्या ध्वनिफिती कोणाच्या?

लिस्बनच्या मसुद्यात लिहिलं होतं की सगळी सामग्री त्यांच्या डिजिटल भांडारात सर्वांसाठी खुली राहील. निधी देणाऱ्यांची ती अट होती, आणि हेतू चांगलाच होता. मसुदा घेऊन मी कोर्लईला गेले. चर्चजवळच्या एका घरात ओटीवर बसून चार बायकांना तो मराठीत समजावला. त्यातली सगळ्यात वडील मावशी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाई, आधीच लोक आम्हाला पोर्तुगीज म्हणतात. आम्ही इथलीच माणसं. उद्या कोण आमचं बोलणं काढून म्हणेल, बघा, हे बाहेरचे."

दोन संस्थांमधली आठवण म्हणताना तिसरा पक्ष टेबलावर नसतोच. आठवण असते मात्र त्याची. ते कलम सोडायचं नाही, हे मी त्या ओटीवर ठरवलं.

पत्रं, मसुदे, पुन्हा पत्रं. अनपेक्षितपणे मदत झाली ती युरोपच्या माहिती संरक्षण नियमांची. २०१८ पासून लागू असलेल्या त्या नियमांत माणसाला दिलेली संमती मागे घेण्याचा हक्क आहे. त्यांच्याच विद्यापीठातल्या माहिती संरक्षण अधिकाऱ्यांनी आमची बाजू उचलून धरली. शेवटी ठरलं ते असं: मुलाखतींची सूची खुली राहील, ध्वनिफीत ऐकायची असेल तर कुटुंबाची परवानगी लागेल, एक प्रत घराला, एक कॉलेजला, एक लिस्बनला, मराठी लिप्यंतर गावाला छापून द्यायचं, आणि कुटुंबाने सांगितलं तर कोणताही भाग काढायचा, कारण न विचारता. हे कलम सात. तुम्ही करार कराल तेव्हा इमारती, परिषदा, संयुक्त प्रकाशनं यांची कलमं दोन दिवसांत लिहून होतात. वेळ या कलमाला द्या.

डिसेंबर २०२३ मध्ये पाच वर्षांसाठी सह्या झाल्या. आमच्या प्राचार्यांच्या केबिनमध्ये, चहा घेत. मूळ प्रती कुरियरने गेल्या आणि जानेवारीत परत आल्या.

ऐकणं

मुलाखती जानेवारी ते मे २०२४ या काळात झाल्या. पावसाळ्यात घेऊ नका. पत्र्यावरच्या पावसात काही ऐकू येत नाही. मासळीचा हंगाम, चर्चचे सण आणि लग्नसराई पाहून वेळा ठरवा. संमतीपत्र आम्ही मराठीत एका पानाचं केलं होतं, पण म्हाताऱ्या माणसांना कागदावर सही करायची धास्ती वाटते. म्हणून संमती तोंडी घेतली आणि ती मुलाखतीच्या सुरुवातीलाच ध्वनिमुद्रित केली. लिस्बनने ही पद्धत मान्य केली. मात्र ते करारात आधी लिहिलेलं असावं लागतं.

राजेरजवाड्यांबद्दल कुणी फारसं बोललं नाही. बोलले ते साळावचा पूल होण्याआधीच्या तरीबद्दल, मुंबईला कामाला गेलेल्या भावांबद्दल, भातशेतीबद्दल, शाळेत बोलीवरून झालेल्या चिडवाचिडवीबद्दल. लिस्बनहून प्रश्नावली आली होती तीत १७४० चा आवर्जून उल्लेख होता. आम्ही ती बाजूला ठेवली आणि माणसं सांगतील ते ऐकलं. बोली येणारे आमचे तीन विद्यार्थी आधी गावातली मुलं म्हणून बसायचे, हळूहळू तेच प्रश्न विचारू लागले. त्यातल्या एकीने आपल्या आजीची मुलाखत घेतली तेव्हा मी खोलीबाहेर थांबले.

लिस्बन

इरॅस्मसचा निकाल जुलै २०२४ मध्ये आला: आमच्याकडून दोन शिक्षकांना संधी. या योजनेत शिक्षकाला प्रवासाचे दिवस सोडून किमान पाच दिवस राहावं लागतं आणि शिकवायला जात असाल तर आठवड्याला किमान आठ तास शिकवावं लागतं. इंग्रजीत आठ तास! मी रात्री आरशासमोर सराव केला. अनुदानित कॉलेजच्या शिक्षकांना परदेशी जाण्यासाठी उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाकडे अर्ज, संस्थेचं ना हरकत पत्र आणि कर्तव्य रजा हे सगळं लागतं. निमंत्रणपत्र आलं त्याच दिवशी अर्ज द्या. शेंगेन व्हिसाचं शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, म्हणजे तेव्हाचे आठ हजारांच्या आसपास, वर केंद्राचं सेवाशुल्क. ३०,००० युरोचं संरक्षण देणारा प्रवास विमा लागतो. अर्ज सहा महिने आधीपर्यंत करता येतो, तेव्हा वाट पाहू नका. मांडव्याहून रो-रोने भाऊचा धक्का, तिथून टॅक्सी, असं करून आम्ही मुंबईतल्या अर्ज केंद्रात पोचलो. पासपोर्ट निघायच्या आठवड्यात हातात आला. तोवर अन्न गोड लागत नव्हतं.

नोव्हेंबरमध्ये गेलो. शिकवणं ठीक झालं. पण मी गेले होते तोर्रे दो तोंबूसाठी, पोर्तुगालच्या राष्ट्रीय अभिलेखागारासाठी. चौदाव्या शतकापासूनचा हा संग्रह पूर्वी किल्ल्याच्या बुरुजात होता. १७५५ च्या भूकंपात बुरुज कोसळला, कागद वाचले. गोव्याहून जाणाऱ्या-येणाऱ्या पत्रव्यवहाराचे, पावसाळी वाऱ्यांवरून नाव पडलेले 'मोन्सोंइस'चे खंड काही तिथे आहेत, काही पणजीच्या पुराभिलेखागारात. निघण्याआधी त्यांच्या डिजिटार्क या संकेतस्थळावर शोध घ्या, बरीच पानं घरबसल्या दिसतात. वाचन कक्षात फक्त पेन्सिल चालते.

आमचे मोडीवाले सर सोबत होते. दोन टेबलं जोडून आम्ही एक सराव केला: तिकडच्या विद्यार्थ्यांनी १७३९-४० मधली पोर्तुगीज पत्रं वाचायची, आम्ही बरोबर नेलेल्या त्याच काळातल्या मोडी कागदांच्या छायाप्रती वाचायच्या, आणि घटना तारखांनिशी शेजारी शेजारी मांडायच्या. मराठी कागदावर चंद्र (अरबी महिन्याची तारीख) आणि शुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली वर्षगणना), त्यांच्याकडे इंग्रजी तारीख. सरांनी जंत्री उघडून एकेक तारीख काढून दिली. एका बाजूला रसद मिळत नाही म्हणून चाललेला आकांत, दुसऱ्या बाजूला फौजेच्या खर्चाचा तगादा. दोन्हीकडे पैसे नाहीत आणि माणसं थकलेली. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की एवढ्या सह्या, एवढे शिक्के, हे सगळं ज्यासाठी केलं ते यालाच म्हणतात.

पाहुणे आले तेव्हा

फेब्रुवारी २०२५ मध्ये तिकडचे तिघे आले. व्याख्यान किंवा चर्चासत्र असेल तर पाहुण्यांना पर्यटक व्हिसावर बोलावू नका. परिषदेसाठीचा वेगळा व्हिसा असतो, आणि निमंत्रणपत्रात संस्थेचा पूर्ण पत्ता, तारखा, खर्च कोण करणार हे लिहावं लागतं. दुसरं म्हणजे तेव्हा ज्याला फॉर्म सी म्हणत ती नोंद. परदेशी पाहुणा जिथे उतरेल त्या घरमालकाने २४ तासांच्या आत त्याची ऑनलाइन नोंद करायची असते. आपल्याकडच्या घरगुती निवासांपैकी अनेकांची त्या पोर्टलवर नोंदणीच नसते. आम्ही महिनाभर आधी नोंदणी असलेलं घर शोधलं आणि पोलीस ठाण्यात पत्र देऊन ठेवलं. संरक्षित किल्ल्यावर ड्रोन उडवायचा असेल तर परवानगी वेगळी आणि लांबची. आम्ही ड्रोन आणूच नका म्हणून कळवलं.

रेवदंड्यात सातखणी बुरुज दाखवला, मग शाळेच्या आवारातला अफनासी निकितिनचा स्मृतिस्तंभ. १४६९ च्या सुमारास चौलला उतरलेला हा रशियन व्यापारी पोर्तुगिजांच्याही आधीचा. पाहुण्यांना त्याची गंमत वाटली. दुपारी कोर्लई. लिप्यंतराच्या छापील प्रती घरोघरी दिल्या. ती मावशी पाहुण्यांशी तिच्या बोलीत बोलली, ते पोर्तुगीजमध्ये बोलले. निम्मं कळलं, निम्म्यासाठी तिची नात होती. मावशीने त्यांना सरळ विचारलं, "माझा आवाज तुम्ही कुठे ठेवलाय?" त्यांनी फोनवर सूची उघडून तिचा क्रमांक आणि त्यापुढचं बंद कुलपाचं चिन्ह दाखवलं. तिने नातीकडून दोनदा खात्री करून घेतली.

एप्रिलमध्ये गावातल्या दुसऱ्या एका कुटुंबाचा फोन आला. त्यांच्या वडिलांच्या मुलाखतीतला जमिनीच्या वादाचा भाग त्यांना नको होता. मी कलम सातचा उल्लेख करून लिस्बनला मेल केला, त्यांनी त्याच आठवड्यात तो भाग काढून तसं लेखी कळवलं. कॉलेजच्या ड्राइव्हवरून मी काढला, नोंदवहीत तारीख घातली आणि त्या घरी जाऊन नवी प्रत दिली. जुनी प्रत त्यांनी स्वतःजवळच ठेवली आहे.